आधी नोंद, मग पैसे

गटांच्या बैठकांना गेलं की अलीकडे आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, हे बिटकॉइन म्हणजे काय हो? आमच्या भाच्यानं घेतलंय. पैसे दुप्पट होतात म्हणे." कुणाच्या मोबाइलवर मेसेज आलेला असतो. कुणाला पाहुण्यातल्याच एखाद्यानं सांगितलेलं असतं, की बँकेत काय ठेवता, गटाची बचत यात टाका.

घ्या किंवा घेऊ नका, एवढं सांगून आज आम्ही थांबणार नाही. या नाण्यांचा इतिहास सांगणार आहोत. तो संगणकाचा इतिहास आहे, पण त्यातली गोष्ट आपल्या रोजच्या कामाची आहे. कीर्द वेळेवर लिहिणं, पैसे देण्याआधी नोंद करणं, नवीन काम आधी थोडक्यात करून बघणं. मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनी हे केलं नाही तेव्हा काय झालं आणि केलं तेव्हा काय झालं, हे दोन्ही एकाच नाण्याच्या बाबतीत घडलं. त्या नाण्याचं नाव इथर आणि ते ज्या जाळ्यावर चालतं त्याचं नाव इथेरियम.

आधी मुळापासून बघू. आपल्या गटाचं एक रजिस्टर असतं. कुणी किती बचत भरली, कुणी किती कर्ज उचललं, सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि ते सचिवाकडे असतं. आता समजा, त्या रजिस्टरची एकेक प्रत प्रत्येक सदस्याच्या घरी आहे. एकीनं नोंद केली की सगळ्यांच्या प्रतीत ती उमटते. शिवाय प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण आहे, म्हणजे मधलं पान फाडलं तर लगेच कळतं. अशा संगणकावरच्या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. या वहीत ज्याची नोंद होते ते डिजिटल नाणं. ते हातात धरता येत नाही. ते म्हणजे वहीतला फक्त एक आकडा.

यातलं पहिलं मोठं नाणं बिटकॉइन. सातोशी नाकामोतो या नावानं लिहिणाऱ्या कुणीतरी 31 ऑक्टोबर 2008 रोजी त्याची कल्पना इंटरनेटवर मांडली आणि 3 जानेवारी 2009 रोजी त्या वहीचं पहिलं पान तयार झालं. एकूण 2 कोटी 10 लाख नाण्यांच्या वर एकही निघणार नाही, हा त्याचा नियम. सुरुवातीला त्याला फारशी किंमत नव्हती. 22 मे 2010 रोजी अमेरिकेत एका माणसानं दोन पिझ्झांसाठी 10,000 बिटकॉइन दिले, ही गोष्ट पुढे फार गाजली.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला त्या वहीत एक विचित्र नोंद सापडली. जिथे सगळी मिळून दोन कोटी नाणी निघायची, तिथे एकाच व्यवहारात 184 अब्ज नाणी तयार झालेली दिसली. कारण साधं होतं. जुन्या स्कूटरचा मीटर 99999 झाला की पुन्हा शून्यावर येतो ना, तसं झालं होतं. आकडा इतका मोठा झाला की संगणकाच्या चौकटीत मावला नाही, उलटा फिरला आणि तपासणीत "सगळं बरोबर" असं उत्तर आलं. काही तासांत दुरुस्ती झाली, ते पान बाजूला ठेवून वही पुन्हा चालू झाली. तेव्हा नाण्याला फारशी किंमत नव्हती म्हणून थोडक्यात निभावलं. चूक लहानपणीच सापडली तर ती स्वस्तात सुटते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इथेरियमकडे येऊ. रशियात जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला विटालिक ब्युटेरिन हा मुलगा 2013 च्या अखेरीस जेमतेम 19 वर्षांचा होता. त्याच्या डोक्यात आलं, की वहीत नुसती देवाणघेवाण कशाला लिहायची? नियमही लिहून ठेवू. म्हणजे "अमुक झालं तर तमुकला इतके पैसे द्या" असा करार संगणकाच्या भाषेत लिहायचा आणि तो वेळ आली की आपोआप अंमलात येईल. मधे कारकून नको, साहेबाची सही नको. 30 जुलै 2015 रोजी इथेरियम सुरू झालं.

कल्पना चांगलीच होती. पण यात एक मेख आहे. माणूस चुकीचा नियम वाचून थांबू शकतो. आपली सचिव म्हणते, "थांबा, हे बरोबर वाटत नाही, बैठकीत विचारू." संगणक थांबत नाही. नियमात भोक असेल तर तो त्या भोकासकट नियम पाळतो.

इथेरियमला वर्षही झालं नव्हतं आणि त्यावर एक भलीमोठी योजना उभी राहिली. तिचं नाव "द डाओ". तिला एक प्रचंड बचत गट समजा, पण अध्यक्ष, सचिव, खजिनदार कुणीच नसलेला. लोकांनी आपले इथर त्यात भरायचे, कोणत्या उद्योगाला पैसे द्यायचे त्यावर मतदान करायचं आणि नफा वाटून घ्यायचा. सगळा कारभार लिहून ठेवलेले नियम चालवणार. 30 एप्रिल 2016 पासून चार आठवडे पैसे भरायची मुदत होती. तेवढ्या वेळात जमले सुमारे 15 कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं जवळपास 1000 कोटी रुपये. त्या काळी अस्तित्वात असलेल्या एकूण इथरपैकी सुमारे 14 टक्के इथर या एका पेटीत येऊन पडले.

आता आपणच विचार करू. नवा गट निघाला तर पहिल्या महिन्यात आपण त्याच्या हातात किती पैसे देतो? महिन्याची बचत शंभर-दोनशे रुपये. काही महिने बैठका होतात, वह्या तपासल्या जातात, मग बँकेचं कर्ज मिळतं. तेही पहिल्या वेळी थोडं, फेडलं की जास्त. इथे मात्र एकाही दिवसाचा कारभार न झालेल्या पेटीत हजार कोटी पडले होते.

सावध करणारे नव्हते असं नाही. मे महिन्याच्या शेवटी काही अभ्यासकांनी डाओतल्या मतदानाच्या नियमांत दोष दाखवले आणि तूर्त सगळं थांबवा असं जाहीरपणे लिहिलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी एका प्रकारच्या भोकाची उघड चर्चा झाली. त्यावर डाओ तयार करणाऱ्यांपैकी एकानं जाहीर केलं, की डाओच्या पैशाला काही धोका नाही. ती तारीख होती 12 जून. 17 जूनला पेटीतून पैसे वाहायला लागले.

भोक काय होतं ते नीट ऐका, कारण ते संगणक न शिकलेल्या बाईलाही कळेल. डाओमधून बाहेर पडणाऱ्याला त्याचा वाटा परत देण्याचा नियम होता. त्या नियमात क्रम असा लिहिला होता: आधी वाटा द्या, मग त्याच्या नावावरची शिल्लक कमी करा. म्हणजे पैसे आधी आणि नोंद नंतर. हल्ला करणाऱ्यानं असा प्रोग्राम लिहिला, की पैसे हातात पडले की नोंद व्हायच्या आत तो पुन्हा मागणी करायचा. वही बघितली तर शिल्लक जशीच्या तशी. म्हणून पुन्हा पैसे. पुन्हा मागणी, पुन्हा पैसे. आपल्या खजिनदारानं एखादीला पैसे मोजून दिले आणि पेन उचलायच्या आत ती बाई पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली, असं हजारदा झालं तर काय होईल? तेच झालं. 36 लाख इथर पेटीतून निघून गेले.

गटाच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी आपण काय शिकतो? सगळ्यांसमोर नोंद, नोंदीवर सही, मग पैसे. कुणाला वाटतं, एवढ्या रकमेसाठी काय हा सोपस्कार. डाओत दोन ओळींचा क्रम उलटा लिहिला गेला आणि त्यातून कोट्यवधी डॉलर गेले. दुरुस्ती होती ती दोन ओळी वरखाली करण्याची. पैसे भरून घेण्याआधी कुणी शांतपणे ती वाचून बघितली असती, तर एवढं झालं नसतं.

मग त्या पैशांचं काय झालं? इथेही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. डाओच्या नियमांत आणखी एक अट होती. बाहेर काढलेला वाटा एका वेगळ्या पेटीत जाणार आणि तिथून तो सुमारे चार आठवडे हलवता येणार नाही. चोरी झाली, पण चोराला पैसे लगेच नेता येईनात. त्या चार आठवड्यांत सगळ्यांना विचार करायला वेळ मिळाला. काही जाणकारांनी उरलेले पैसे त्याच भोकातून काढून सुरक्षित ठेवले, म्हणजे दुसरा कुणी चोर येऊ नये. सगळी घाईगर्दी झालेल्या त्या योजनेत पैसे वाचवायला कामी आली ती ही थांबायची अट.

शेवटी 20 जुलै 2016 रोजी बहुतेकांनी ठरवून वहीतली ती नोंद फिरवली आणि लोकांना त्यांचे इथर परत घेता येतील अशी सोय केली. पण हे सगळ्यांना पटलं नाही. काही जण म्हणाले, "वही बदलता येत नाही म्हणून तर आम्ही विश्वास ठेवला. आज चोरासाठी बदलली, उद्या कुणासाठी बदलाल?" त्यांनी जुनीच वही चालू ठेवली. तिला इथेरियम क्लासिक म्हणतात आणि ती आजही चालू आहे. एका घाईनं पैसे गेले, ते बहुतांशी परत आले, पण घर दुभंगलं ते दुभंगलंच. ज्या गटात एकदा हिशोबावरून फूट पडली आहे, तिथल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पुढची काही वर्षं इथेरियमच्या लोकांनी तेच केलं. हा भाग फारसा गाजत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो.

नवीन पान लिहिण्यासाठी तेव्हा जगभरचे हजारो संगणक शर्यत लावत. जो आधी कोडं सोडवेल तो पान लिहिणार आणि बक्षिसाची नाणी त्याला मिळणार. याला मायनिंग म्हणतात. त्यात वीज भयंकर जळते. दुसरी पद्धत अशी होती, की ज्यानं 32 इथर अनामत ठेवले त्यानं पाळीपाळीनं पान लिहावं, आणि लबाडी केली तर त्याची अनामत कापावी. शर्यत नाही, वीज नाही. हा बदल करायचं इथेरियमच्या मनात सुरुवातीपासून होतं. पण लोकांचे अब्जावधी डॉलर असलेली वही चालू ठेवून तिची लिहायची पद्धत बदलणं म्हणजे चालत्या एसटीचं इंजिन बदलण्यासारखं काम. ते पुढे ढकललं गेलं, पुन्हा ढकललं गेलं. लोक हसले. "यांचं कधी होणारच नाही," म्हणाले.

त्यांनी काय केलं बघा. आधी खोट्या पैशांची चाचणी वही काढली. ऑगस्ट 2020 मध्ये अशाच एका चाचणीत, सर्वांत जास्त लोक वापरत असलेल्या प्रोग्रामचं घड्याळ चुकलं आणि सगळं जाळं कोलमडलं. सुरळीत व्हायला काही दिवस लागले. पैसा खोटा होता, म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. पण धडा मिळाला: सगळ्यांनी एकाच प्रोग्रामवर अवलंबून राहू नये. आपल्याकडेही गटाचा हिशोब एकाच बाईला येत असेल, तर ती बाळंतपणाला माहेरी गेली की गट ठप्प होतो. म्हणून तर दोघी-तिघींना वही लिहायला शिकवायची.

मग 1 डिसेंबर 2020 रोजी खरी नवी वही सुरू झाली. पण ती जुन्या वहीच्या शेजारी, रिकामी. लोकांचे रोजचे व्यवहार जुन्याच वहीत. ही नवी वही सुरू करायलाही अट होती, की किमान 5,24,288 इथर अनामत जमल्याशिवाय सुरू करायची नाही. ज्यांनी अनामत ठेवली त्यांना ती केव्हा काढता येईल हेही तेव्हा ठरलेलं नव्हतं. ती सोय झाली एप्रिल 2023 मध्ये. जवळजवळ दोन वर्षं ही नवी वही नुसती शेजारी चालली. शितावरून भाताची परीक्षा करतात, तसं 2022 च्या जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये तीन वेगवेगळ्या चाचणी जाळ्यांवर जोडणी करून बघितली. लहानसहान चुका निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या. आणि 15 सप्टेंबर 2022 रोजी खरी जोडणी झाली. वही एक दिवसही बंद पडली नाही. कुणाचं खातं हललं नाही. विजेचा वापर सुमारे 99.95 टक्क्यांनी कमी झाला.

त्या आधी इथेरियमच्या लोकांनी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, की तुम्हाला काहीही करायचं नाही. बदल होतोय म्हणून कुणी तुमची नाणी कुठे पाठवायला सांगितली, तर तो फसवणारा समजा. बँकेच्या केवायसीच्या नावानं फोन येतात, तेव्हा आपणही हेच सांगतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इतकं चोख काम झालं, तरी त्यानंतरच्या आठवड्यात इथरचा भाव उतरला. त्याच्या आधीच्या वर्षभरात तर तो निम्म्याहूनही खाली आला होता. म्हणजे काम नीट झालं म्हणून भाव वाढेलच असं नाही. सावध कारभारानं काय साधतं? वही टिकते, विश्वास टिकतो. नफ्याची हमी त्यातून मिळत नाही. जो अशी हमी देतो, तो कारभाराबद्दल बोलतच नसतो.

त्याच 2022 सालात दुसरीकडे काय घडलं? मे महिन्यात टेरा नावाची योजना कोसळली. तिचं नाणं कायम एका डॉलरचं राहील असं सांगितलं होतं आणि ते ठेवल्यावर वर्षाला जवळपास 20 टक्के व्याज मिळायचं. काही दिवसांत ते नाणं आणि त्याचं जोडनाणं लुना, दोन्ही मातीमोल झाली. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स ही नाण्यांची मोठी बाजारपेठ बुडाली. ग्राहकांनी ठेवलेले पैसे मालकानं आपल्याच दुसऱ्या कंपनीत वापरले होते. मालक सॅम बँकमन-फ्रीड याला 2024 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली. कंपनी सावरायला नेमलेल्या अधिकाऱ्यानं न्यायालयात सांगितलं, की तिथे पैसे द्यायची मंजुरी ऑनलाइन चॅटमध्ये एक चित्र, म्हणजे इमोजी, टाकून दिली जायची. ठराव नाही, सही नाही, पावती नाही. आपल्या गटात शंभर रुपयांचा चहा-पाण्याचा खर्चही ठराव केल्याशिवाय पडत नाही!

आपल्या महाराष्ट्रालाही याची झळ बसली आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा 10 टक्के परतावा 18 महिने देऊ असं सांगून पैसे गोळा केल्याचा आरोप आहे. पुणे पोलिसांनी 2018 मध्ये त्याच्या मुख्य प्रवर्तकाला अटक केली होती. महिन्याला दहा टक्के! आपण गटात शेकडा दोन रुपयांनी कर्ज दिलं तरी ते फेडताना बाईला किती ओढाताण होते, हे आपल्याला माहीत आहे. मग महिन्याला दहा टक्के कमावणारा धंदा कोणता, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 2013 मध्येच या नाण्यांबद्दल लोकांना सावध केलं होतं. ही नाणी आपल्या देशाचं अधिकृत चलन नाहीत. एप्रिल 2022 पासून त्यांच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. या नाण्यांना ते नाही. म्हणून आमचं मत असं, की गटाचा पैसा यात एक रुपयाही जाता कामा नये. तो पैसा वीस घरांचा असतो. घरातल्या कुणी स्वतःच्या कमाईतून घेतलंच, तर सगळं बुडालं तरी चूल पेटती राहील एवढंच. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

मैत्रिणींनो, नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे ही पंचसूत्री आपण प्रत्येक बैठकीत म्हणतो. कधी कधी ती पाठ झालेल्या आरतीसारखी नुसती म्हटली जाते. पण गट आणि बँक जोडायचं कामही नाबार्डनं 1992 मध्ये आधी फक्त 500 गटांपुरतं प्रयोग म्हणून सुरू केलं होतं. ते नीट चाललं, तेव्हा पुढे गेलं आणि आज त्याच वाटेनं आपल्या हातात बँकेचं कर्ज येतं. इथेरियमच्या लोकांना कोट्यवधींचा फटका बसल्यावर जे कळलं, ते आपल्या थोरल्या बायकांनी शंभर रुपयांच्या बचतीवर शिकून ठेवलेलं आहे.

तेव्हा यापुढे कुणी नवी योजना घेऊन दारात आला, मग ती नाण्यांची असो, शेळ्यांची असो की मसाल्याच्या यंत्राची, त्याला चार प्रश्न विचारा. नोंद आधी होते की पैसे आधी जातात? वही कुणी तपासली? लहान प्रमाणात कुठे करून बघितलं? आणि मला पैसे काढायचे झाले तर केव्हा, कसे मिळतील? उत्तर देताना तो घाई करायला लागला, "आजच शेवटची तारीख" म्हणाला, तर त्याला चहा द्या आणि सांगा, पुढच्या बैठकीत ठरवू.

पुढच्या भागात आपण बँकेचं पासबुक आणि गटाची कीर्द कशी ताडून बघायची ते शिकणार आहोत. येताना दोन्ही वह्या आणि एक पेन जवळ ठेवा.